त्यात पेंढा नाही

आमच्या संग्रहालयात शिरणारा माणूस दहा पावलं चालतो आणि विचारतो, "पेंढा भरलेलं हाय का हे?" उदगीरच्या आडतीवरचा हमाल असो, अहमदपूरहून एसटीनं सहल घेऊन आलेले गुरुजी असोत, नाहीतर गळ्यात ओळखपत्र अडकवून आलेले परगावचे प्राध्यापक असोत, प्रश्न हाच. अडतीस वर्षं मी त्याला एकच उत्तर दिलं. "त्यात पेंढा नाही." त्या उत्तरात खरेपणा किती होता आणि चलाखी किती, ते सांगायला हा लेख लिहितो आहे. संपादकांनी दिवाळी अंकासाठी हृद्य आठवणी मागितल्या होत्या. हृद्य काही सापडलंच तर ते त्यांचं नशीब.

कागदोपत्री मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागातला प्रयोगशाळा परिचर. नाव बसवराज. कॉलेजात अण्णा, आणि गावात पाठीमागे 'मेलेल्या जनावरांचे अण्णा'. हे नाव मला आवडत नाही असं लोकांना वाटायचं. मला आवडायचं, कारण जिवंत माणसांचा अण्णा होण्यात काही विशेष नाही, ते गल्लीगल्लीत आहेत.

ही जनावरं साधीसुधी नाहीत. निजामाच्या काळात हैदराबादच्या एका नवाबाला आफ्रिकेतल्या घनदाट, पावसाळी जंगलातले प्राणी जमवायचा नाद होता. तो गेला, संग्रह विखुरला, आणि त्यातली चार जनावरं आमच्या कॉलेजच्या पहिल्या प्राचार्यांनी मालगाडीनं उदगीर स्टेशनावर उतरवून घेतली. एक काँगोचा मोर. त्याला पिसारा नसतो, तो जन्मतःच तसा, पण तो पाहणारा प्रत्येक जण माझ्याकडे संशयानं बघतो, जणू पिसारा मीच उपटून घरी नेला. एक मँड्रिल नावाचा मोठा माकडाच्या जातीचा प्राणी, निळ्या-तांबड्या तोंडाचा. एक महाखवल्या, म्हणजे आपल्या खवले मांजराचा दांडगा भाऊ. आणि चौथी ओकापी.

ओकापी म्हणजे काय हे सांगतो, कारण उदगीर सोडाच, नांदेड-लातूरमध्येही सांगावंच लागतं. उंची घोड्याएवढी, रंग काळपट तपकिरी, मांड्यांवर आणि पायांवर पांढरे पट्टे. लोक म्हणतात झेब्रा, लोक म्हणतात गाढव. खरं तर ती जिराफाची बहीण. जीभ एवढी लांब की स्वतःचे कान चाटते. काँगोच्या जंगलाबाहेर ती मोकळी कुठंच सापडत नाही, आणि त्या जंगलातही आता थोड्या उरल्यात. रेल्वेच्या पावतीवर तिची नोंद 'पट्ट्याचे खेचर' अशी आहे. ती पावती मी जपून ठेवली आहे, राग आला की काढून बघतो.

तिला बेगम हे नाव दिलं हुसेनचाचांनी. हुसेनचाचा हे माझे उस्ताद. नवाबाच्या पदरी ते जनावरं भरायचं काम करायचे, म्हातारपणी वर्षातून दोनदा हैदराबादहून यायचे आणि आठ-आठ दिवस राहून डागडुजी करायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना पेंढ्याचा प्रश्न विचारला. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"पेंढा गद्दे में भरते, मियाँ. जानवर में नक्को. गोणा भर को रखेला है क्या ये?"

मग त्यांनी शिकवलं ते असं. जनावर मेलं की त्याचं फक्त कातडं राहतं. ते कमावायचं. आतून सोमल मिसळलेला साबण चोळायचा, म्हणजे कीड लागत नाही. सोमल हे जहाल विष, पण त्या काळी दुसरं औषध नव्हतं. मग जनावराच्या मापाचा लाकडी सांगाडा करायचा. त्यावर सुताराच्या रंध्यातून निघणाऱ्या कुरळ्या, लांब साली सुतळीनं घट्ट गुंडाळत जायच्या, बरगडी तिथं बरगडी, खळगा तिथं खळगा. वर मातीचा हात. शेवटी कातडं चढवून पोटाखाली शिवण घालायची. काम बरोबर झालं का हे बघायला हुसेनचाचा बोटाच्या पेरानं बरगडीवर टकटक करायचे. भरीव आवाज आला तर मान हलवायचे. पोकळ आला तर शिवण उसवायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

ते जाताना दर वेळी एकच वाक्य बोलायचे. "बसू मियाँ, इसकू मरेला नक्को समझो. बेगम ड्यूटी पे है."

आमचं घर लिंगायताचं. चौबाऱ्याजवळ किराणा दुकान, घरात अंडंसुद्धा कधी आलं नाही. आणि पोरगा कातड्याला हात घालतो म्हटल्यावर भावकीत जे बोलणं झालं ते मी इथं लिहीत नाही. एका काकांनी सांगितलं की हे आपल्यातल्या लोकांचं काम नव्हे. मी विचारलं, मग कुणाचं? ते गप्प बसले, आणि त्या गप्प बसण्याचा मला आजही संताप येतो. कातड्याचं काम हे कसबाचं काम आहे, ज्याला येतं त्याचं आहे. अव्वा, म्हणजे माझी आई, निराळ्या कारणानं चिडायची.

"इभूती लावून जातोस आन मढ्यात हात घालतोस. न्हाल्याबिगर माझ्या चुलीकडं यायचं न्हाई," ती म्हणायची. मागच्या दारी पाण्याची बादली भरून ठेवलेली असायची. तिनं माझ्या हातचं पाणी कित्येक वर्षं घेतलं नाही.

नमुनेदार माणसं बरीच भेटली. धर्माबादचे एक मिरचीचे व्यापारी महिन्यातून एकदा यायचे आणि महाखवल्यासमोर हात जोडून उभे राहायचे. मला वाटलं, भाविक आहेत. तिसऱ्या खेपेला त्यांनी मला बाजूला घेतलं.

"अण्णा, एकच खवला द्या. अंगठीत बसवून घ्यायचाय. मूळव्याधीवर लई गुणकारी हाय म्हणतात."

"तुमच्या बोटाला मूळव्याध झालीय का?" मी विचारलं.

ते रागावून गेले. पुढल्या महिन्यात पुन्हा आले. मी त्यांना नीट समजावलं की खवला म्हणजे आपल्या नखासारखीच वस्तू, स्वतःची नखं कापा आणि अंगठीत बसवा, गुण तेवढाच येईल. या एका खुळापायी जगातली खवले मांजरं संपत चालली आहेत, हेही सांगितलं. त्यांना ते पटलं की नाही माहीत नाही. पण शेपटीजवळचे तीन खवले माझ्या आधीच कुणीतरी उपटून नेले होते, चौथा माझ्या काळात गेला नाही.

मँड्रिलची गोष्ट माझ्याच अंगाशी आली होती. मेल्यावर त्याच्या तोंडाचा रंग उडतो, तो पुन्हा द्यावा लागतो. एका वर्षी तपासणीला बाहेरून मंडळी यायची होती आणि तोंड पांढरंफटक पडलेलं. दुसऱ्या दिवशी पोळा. बाजारात बैलांच्या शिंगांना लावायचे रंग आले होते. मी निळा आणि हिंगुळी घेतला आणि लावला. मंडळी आली, त्यातले एक गृहस्थ बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, फार जिवंत वाटतो. नंतर हुसेनचाचा आले, त्यांनी वास घेतला आणि मला दिवसभर तो रंग खरवडायला बसवलं.

आता मूळ गोष्टीवर येतो.

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा उदगीरही हललं. आमच्या संग्रहालयाची एक भिंत खचली आणि तिच्यालगतचं सागवानी कपाट बेगमच्या अंगावर पडलं. डावी बाजू फाटली, बरगड्यांचं भरण बाहेर आलं, पोट आत गेलं. मी हैदराबादला पत्र टाकलं. हुसेनचाचांच्या मुलाचं उत्तर आलं की अब्बा अंथरुणाला खिळलेत. रंध्याच्या साली आणायला निघालो तर गावात सुतार नाही. सगळे किल्लारीकडे पत्र्याचे निवारे उभे करायला गेलेले, आणि जायलाच हवं होतं. कातडं तसंच उघडं ठेवलं तर आत ओल जाऊन ते आक्रसणार, आणि एकदा आक्रसलेलं कातडं पुन्हा ताणता येत नाही.

कॉलेजच्या मैदानात वैरणीचा ढीग लागला होता. भूकंपातल्या गावांच्या मुक्या जनावरांसाठी गावोगावचे शेतकरी कडबा आणून टाकत होते, तिथून ट्रक भरून जात होते. मी त्या ढिगातली कडब्याची एक पेंढी उचलली. ज्वारीची ताटं, कोरडी खडखडीत. कापून, सुतळीनं बांधून बेगमच्या डाव्या बाजूत भरली, कातडं ओढलं, शिवण घातली. चाचा बरे होऊन आले की उसवू आणि नीट भरू, असं ठरवलं होतं. चाचा आलेच नाहीत. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलाचं दुसरं पत्र आलं.

त्यानंतर शिवण उसवायचा मला धीर झाला नाही. आज होईल, उन्हाळ्याच्या सुटीत होईल, असं करत वर्षं गेली. डाव्या बाजूला मी बोटाचं पेर कधी लावलं नाही. आणि येणाऱ्या प्रत्येकाला छाती काढून सांगत राहिलो, त्यात पेंढा नाही. खोटं बोलत नव्हतो. पेंढा भाताचा असतो. हा कडबा होता.

हे दुसऱ्या एकाच माणसाला कळलं. अव्वा थकली होती, दवाखान्यातून परतताना रिक्षा कॉलेजवरून जात होती. ती म्हणाली, तुझी ती बेगम तरी बघू दे. मी तिला हाताला धरून आत नेलं. अव्वा शेतकऱ्याची लेक, गोठ्यात वाढलेली. बेगमजवळ वाकली, डाव्या बाजूला नाक नेलं आणि माझ्याकडे वळली.

"कडबा घातलास व्हय रे हिला?"

मी सगळं सांगितलं. किल्लारीच्या जनावरांच्या तोंडचा घास उचलला, हेही सांगितलं, कारण ते मला आतून खात होतं. अव्वा थोडा वेळ बेगमच्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिली.

"हिच्याबी अंगावर भिंत पडली की. मग ही बी भूकंपातलीच झाली. एक पेंढी हिच्या वाट्याची हाय."

घरी आल्यावर तिनं बादलीचं नाव काढलं नाही. मला म्हणाली, तांब्याभर पाणी दे. मी दिलं आणि ती प्यायली. एवढ्या वर्षांत माझ्या कामाला मिळालेली शाबासकी विचाराल तर ती ही.

मी निवृत्त झालो. माझ्या जागी कुणी आलं नाही, म्हणून किल्ली माझ्याकडेच राहिली आणि मी रोज जात राहिलो. गेल्या श्रावणात संस्थेच्या नव्या सचिवांनी मला बोलावलं. वयानं माझ्या मुलाएवढे, हुशार, बोलायला गोड. त्यांना संग्रहालयाचा हॉल हवा होता. नीटच्या परीक्षेची अभ्यासिका करायची होती, लातूरला राहून शिकणं ज्यांना जमत नाही अशा खेड्यातल्या पोरींसाठी. हेतू वाईट नव्हता, हे मी तेव्हाही म्हटलं आणि आताही म्हणतो. पण जीवशास्त्राचा पेपर सोडवायला जीव बाहेर काढायचे, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना.

ते प्राचार्यांना आणि दोन शिपायांना घेऊन हॉलमध्ये आले. बेगमखालच्या फरशीवर बोटानं दाखवलं. तिथं पिवळट भुगा पडला होता.

"अण्णा, रोज भुगा पडलालाय. आतला पेंढा कुजलाय. कशाला जीव लावून राहिलाव?"

आणि माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "त्यात पेंढा नाही."

"मग दाखवा."

मला 'नाही' असं म्हणता आलं असतं. उसवलं तर कातडं फाटेल म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण हुसेनचाचांची शपथ घेतल्यासारखं ते वाक्य मी आयुष्यभर वापरलं होतं, आणि आता त्याच्या आड लपायची मला लाज वाटली. हातमोजे घातले, तोंडाला फडकं बांधलं, ब्लेड घेतलं आणि डाव्या बाजूची माझीच शिवण उसवली. हात घातला आणि बाहेर काढला तो काळी पडलेली, भोकं पडलेली ज्वारीची ताटं घेऊन. त्यातून किडे फरशीवर पळाले.

"हे काय मग?" सचिव म्हणाले.

"कडबा."

"म्हणजे पेंढाच की."

"पेंढा भाताचा. ही ज्वारी हाय. आपल्याकडं भात कुठं पिकतो?"

शिपाई हसले, प्राचार्य हसले. मलाही माझं ते वाक्य ऐकू आलं आणि इतकी वर्षं मी कशावर उभा होतो ते कळलं. मी म्हणालो, "ही चूक माझी. भूकंपाच्या वर्षी मी भरला. जनावराची यात काही चूक नाही. मला दिवाळीपर्यंत मुदत द्या, मी नीट करून देतो."

"अण्णा, आता राहू द्या," सचिव शांतपणे म्हणाले. शिपायांना सांगितलं, "हे मागच्या मैदानात न्या आन जाळून टाका. बाकीचंबी."

मी खुर्ची ओढली आणि बेगमच्या पुढ्यात बसलो.

"लेखी द्या," मी म्हणालो.

"काय?"

"जाळा म्हणून लेखी द्या. खाली सही करा. या कातड्यात सोमल हाय, विष. धूर तहसीलपासून स्टेशनापर्यंत जाईल, तेही त्यात लिहा. असली दुर्मीळ जनावरं वनखात्याला न विचारता जाळता येत नाहीत, त्यांचं पत्र सोबत जोडा. मग मी स्वतः काडी लावतो."

सचिवांनी प्राचार्यांकडे बघितलं. प्राचार्य म्हणाले, विभागप्रमुखांचं मत घ्यावं लागेल. विभागप्रमुख त्या दिवशी रजेवर होते आणि नंतरही कितीतरी दिवस या विषयापुरते रजेवरच राहिले. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. आपल्याकडे तोंडानं डोंगर हलवणारा माणूस सही करायची वेळ आली की खिशात पेन शोधत बसतो. मी रोज सकाळी जाऊन त्या खुर्चीवर बसायचो आणि संध्याकाळी उठायचो. कुणी कागद आणला नाही.

त्याच दिवसांत मी काम केलं. दिगंबर सुतार माझा शाळेपासूनचा मित्र, त्यानं सागाच्या फळ्यांवर रंधा मारून पोतंभर साली काढून दिल्या. म्हणाला, "आयुष्यात पहिल्यांदाच कचऱ्यासाठी फळी तासलालोय." कडबा चिमट्यानं काडी-काडी काढला. आतला सांगाडा ब्रशनं साफ केला, कीड मारायचं औषध दिलं, आणि तरुणपणी उघड्या हातांनी केलेलं ते काम या वेळी मोजे घालून केलं. साली गुंडाळायला लागलो तेव्हा उतार कुठं द्यायचा ते बोटांना आठवत होतं. शेवटची शिवण घातली, मोजा काढला, आणि पेरानं डाव्या बरगडीवर टकटक केलं. आवाज भरीव आला. मी तिथंच बसून रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. ज्यानं मान हलवायची तो नव्हता.

आता हॉलच्या मधोमध फळ्यांचं पार्टिशन आहे. अर्धा हॉल अभ्यासिकेला गेला, अर्धा बेगमचा राहिला. हा काही माझा विजय नाही. मोर आणि मँड्रिल कपाटावर चढवावे लागले, आणि पुढल्या वर्षी उरलेला अर्धा हॉलही मागतील, मला माहीत आहे. पण दुपारी अभ्यासिकेतल्या पोरी पार्टिशनच्या या बाजूला येऊन डबा खातात आणि बेगमला नावानं हाक मारतात.

तिच्यासमोर मी नवी पाटी लावली आहे. अक्षर माझंच. तिच्यावर ओकापी, जिराफाची जात, काँगोचं जंगल हे सगळं आहेच. खाली आणखी एक ओळ आहे. 'भूकंपानंतर हिच्या डाव्या बरगडीत उदगीरचा कडबा चुकीनं भरला गेला होता. भरणारा : बसवराज, प्रयोगशाळा परिचर. दुरुस्त करणारा : तोच.'

परवा सचिव आले. पाटी वाचली, हसू आवरलं आणि म्हणाले, "अण्णा, ती शेवटची ओळ काढून टाका. बाहेरची माणसं येतात, कॉलेजची इज्जत जाते."

मी खुर्चीवरून उठलो नाही.

"लेखी द्या," म्हणालो.

पाटी अजून आहे.